पारा ४५ वर असताना रस्त्यावर नेमके काय होते? नाचणगाव-पुलगावच्या उन्हाळ्यातून समजून घ्या

मे महिना लागला की विदर्भातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरू लागतो. त्यावर सूर्याचे चित्र, गावाचे नाव आणि मोठ्या अक्षरात आकडा असतो : ४५, ४६, कधी ४८. खाली कुणीतरी लिहितो, 'आज घराबाहेर पडू नका.' पण ऑटो चालवणाऱ्याला, बँकेत पैसे काढायला निघालेल्या आजीला, पार्सल पोचवणाऱ्या मुलाला किंवा दुपारच्या लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला बाहेर पडावेच लागते. त्यांच्यासाठी तो आकडा काय सांगतो, आणि काय सांगत नाही?

थोडक्यात उत्तर असे : मोबाइलवरचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. रस्त्यावरच्या माणसाला हवेशिवाय डोक्यावरचे ऊन, खालचे तापलेले डांबर, शेजारच्या गाडीचे इंजिन आणि थांबून राहण्याचा वेळ हे सगळेच सोसावे लागते. त्यामुळे 'आज किती अंश' याच्या जोडीला 'मी उन्हात किती वेळ आणि कसा असणार' हेही पाहावे लागते.

नाचणगाव कुठे आहे आणि तिथे इतके का तापते?

नाचणगाव हे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातले, पुलगावला लागून असलेले मोठे गाव आहे. पुलगाव हे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे स्टेशन. तिथला केंद्रीय दारूगोळा भांडार सगळ्या देशाला माहीत आहे. पश्चिमेला वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. जनगणनेत नाचणगावची गणना शहरी वस्तीत होते. बाजार, दवाखाना, कॉलेज आणि रेल्वेसाठी नाचणगाव-पुलगाव अशी ये-जा दिवसभर चालू असते. त्यात दुचाक्या, ऑटो, एसटी, शेतमालाचे ट्रॅक्टर आणि पायी चालणारे सगळे एकाच रस्त्यावर येतात.

इथल्या उन्हाळ्याची कारणे भूगोलात आहेत. विदर्भ समुद्रापासून दूर आहे, त्यामुळे दुपारी थंडावा आणणारे खारे वारे इथवर पोचत नाहीत. एप्रिल-मेमध्ये वायव्येकडून कोरडे, तापलेले वारे येतात. आकाश निरभ्र असते. जमिनीतला ओलावा संपलेला असतो, त्यामुळे उन्हाची ऊर्जा पाणी वाळवण्यात खर्च होत नाही, ती थेट जमीन आणि हवा तापवते. शिवाय मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात या भागात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत विजेच्या खांबाची किंवा भिंतीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभे राहायला सावलीच उरत नाही. झाड आणि छप्पर हेच दोन आसरे.

लोक ज्याला 'नवतपा' म्हणतात ते नऊ दिवसही याच काळात, साधारण २५ मेपासून येतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यापासूनची ही पारंपरिक मोजणी आहे. ती हवामान विभागाची व्याख्या नाही. दरवर्षी सर्वाधिक तापमान याच नऊ दिवसांत नोंदले जाते असेही नाही. नवतपा संपला म्हणून दुपट्टा काढून ठेवणे चुकीचे ठरू शकते.

मोबाइलवर दिसणारा आकडा कशाचा असतो?

हवामान केंद्रात तापमापक उघड्यावर ठेवत नाहीत. तो जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. हवा आतून खेळते, पण ऊन थेट लागत नाही. जगभर हीच पद्धत असल्यामुळे वर्ध्याचा आकडा नागपूरशी किंवा बगदादशी ताडून पाहता येतो.

मोबाइलमधली अॅप मात्र प्रत्येक गावात तापमापक ठेवत नाहीत. नाचणगावचे नाव टाकल्यावर दिसणारा आकडा हा आसपासच्या केंद्रांच्या नोंदी आणि संगणकी अंदाज यांवरून काढलेला असतो. म्हणून एकाच वेळी दोन मोबाइलवर दोन वेगळे आकडे दिसतात.

त्याशेजारी 'जाणवणारे तापमान' असा दुसरा आकडा असतो. त्यात हवेतला दमटपणा धरतात. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की हा दुसरा आकडा कधी कधी मूळ तापमानापेक्षाही कमी दिसतो. तो पाहून निर्धास्त होऊ नये. अमेरिकी हवामान सेवा वापरते तो उष्मा निर्देशांक सावलीतल्या माणसासाठी काढलेला असतो. थेट उन्हात त्यात सुमारे ८ अंशांपर्यंत भर पडू शकते, असे ती सेवाच सांगते.

डांबराचे गणित आणखी वेगळे आहे. हवा ४० च्या पुढे गेली की उन्हात तापलेल्या डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो. अनवाणी मूल, रस्त्यावरचे कुत्रे, भाजीची पाटी घेऊन खाली बसलेली बाई यांना हे तापमान थेट भेटते. स्टीव्हन्सन पेटीत ते दिसत नाही.

नागपूरच्या '५६ अंशां'चे काय झाले?

३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस नोंदले गेल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. हवामान विभागाने तपासणी करून ती नोंद संवेदकातल्या बिघाडामुळे आल्याचे स्पष्ट केले. शहरातल्या इतर केंद्रांचे आकडे त्यापेक्षा कितीतरी कमी होते. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश दिसले होते. तिथेही चुकीची नोंद झाल्याचे पुढे आढळले.

असा स्क्रीनशॉट आला तर एक सोपी कसोटी लावता येते. भारतातले आजवरचे अधिकृत सर्वोच्च तापमान ५१ अंश आहे. ते राजस्थानातल्या फलोदी इथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले. त्याहून मोठा आकडा दिसला तर पुढे पाठवण्याआधी हवामान विभागाच्या अधिकृत पानावर पाहावे. अफाट आकड्यांचा तोटा असा की ५६ वाचलेल्या माणसाला नंतर ४४ 'काहीच नाही' असे वाटू लागते. माणसे दगावतात ती बहुतेक अशाच 'नेहमीच्या' आकड्यांना.

उष्णतेची लाट कधी जाहीर होते?

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते. ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, आणि त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट मानतात. सरासरी काहीही असली तरी पारा ४५ ला पोचला की लाट आणि ४७ ला पोचला की तीव्र लाट. किनारपट्टीसाठी सुरुवातच ३७ अंशांपासून होते. एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असे घडले की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

यातून विदर्भापुरती एक गंमत निर्माण होते. इथली मेमधली सरासरीच उंच असल्याने ४३ अंशांना लाट जाहीर होईलच असे नाही. म्हणजे 'लाट नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा घेता येत नाही. इशाऱ्यांचे रंग लक्षात ठेवणे जास्त उपयोगाचे : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने काळजी घ्या.

रस्त्यावर शरीराचे काय होते?

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. कातडीचे तापमान साधारण ३५ असते. बाहेरची हवा याहून थंड असेल तर वारा लागल्यावर शरीरातली उष्णता बाहेर जाते. हवा ४५ अंशांची असेल तर उलट घडते : वारा उष्णता आत आणतो. मग शरीराकडे घाम वाळवणे हा एकच मार्ग उरतो.

दुचाकीवर इथेच फसगत होते. कोरड्या हवेत घाम निघताक्षणी वाळतो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे घाम जातोय हेच कळत नाही. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लीटर किंवा जास्त घाम जाऊ शकतो. पाणी संपत आले की घाम कमी होतो आणि आतले तापमान चढू लागते. सुरुवातीला डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पायांत गोळे येतात. आतले तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊन माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात. त्यावर घरी उपचार होत नाहीत.

चालत्या गाडीपेक्षा थांबलेली रांग वाईट

रेल्वे फाटक पडले, चौकात ट्रॅक्टर अडकला किंवा वरातीने रस्ता अडवला की दुचाकीवाल्याला डोक्यावर ऊन, पायाखाली डांबर आणि दोन्ही बाजूंना तापलेली इंजिने असे चारही बाजूंनी चटके बसतात. दहा मिनिटांच्या प्रवासात पाच मिनिटे अशी गेली तर त्रासाचा मोठा भाग त्या पाच मिनिटांतच होतो.

नागपुरात उन्हाळ्यात भरदुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवण्याचे आणि सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या बांधून सावली करण्याचे प्रयोग झाले, ते याच कारणाने. लहान गावात सिग्नल नसले तरी तत्त्व तेच लागू पडते. फाटक पडलेले दिसले तर रांगेत पुढे घुसण्याऐवजी मागे झाडाखाली किंवा टपरीच्या छपराखाली थांबावे, गाडीचे इंजिन बंद करावे. दोन गाड्या आपल्या पुढे जातील, पण पाच मिनिटांचे ऊन वाचेल.

दुपट्टा का उपयोगी पडतो?

विदर्भात उन्हाळ्यात दुपट्ट्याने तोंड-डोके गुंडाळलेली माणसे पाहून मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला 'इतक्या उकाड्यात आणखी कापड?' असा प्रश्न पडतो. उत्तर वरच्याच गणितात आहे. हवा कातडीपेक्षा गरम असेल तर उघड्या अंगाला वारा लागणे तोट्याचे. सुती, सैल, फिका कपडा ऊन अडवतो, गरम वाऱ्याचा झोत मंद करतो आणि ओला केला तर वाळताना थंडावाही देतो.

दुपट्टा हेल्मेटला पर्याय नाही. मोटार वाहन कायद्यानुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, आणि उन्हाने गरगरलेल्या माणसाला त्याची गरज जास्तच. पातळ सुती दुपट्टा आत, त्यावर हेल्मेट, आणि पट्टा नीट बसतो की नाही हे पाहणे, असे दोन्ही जमते. दुपट्ट्याची सुटी टोके मात्र खोचून घ्यावीत. ती मागच्या चाकात अडकली तर जिवावर बेतते.

कूलरचेही असेच. तो पाणी वाळवून हवा थंड करतो, म्हणून कोरड्या मेमध्ये उत्तम चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो.

पाणी किती आणि कसले?

उन्हात काम करताना तहान लागायची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. घरून निघण्याआधी पाणी पिणे हे पोचल्यावर गटागटा पिण्यापेक्षा बरे. घामासोबत मीठही जाते, म्हणून मठ्ठा, मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा पन्हे चालते. ओआरएसच्या पाकिटावर एक लीटर लिहिले असेल तर ते पूर्ण एक लीटर पाण्यातच विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ज्यांना हृदयाचा, किडनीचा किंवा रक्तदाबाचा आजार आहे त्यांनी मीठ आणि पाणी किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असे म्हणतात. याला वैद्यकीय आधार नाही. कांदा ठेवायला हरकत नाही, मात्र त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहता कामा नये.

गाडीची काळजी

- बंद उभ्या गाडीत मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला 'दोन मिनिटे' म्हणूनही ठेवू नये. आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढू शकते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.
- टायर फुटण्यामागे बऱ्याचदा कमी हवा हे कारण असते. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधली हवा सोडू नये. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तासन्‌तास वेगात जायचे असेल तर झिजलेले टायर घेऊन निघूच नये.
- 'उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होतो' हा संदेश दरवर्षी येतो. इंडियन ऑइलने तो खोटा असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे सुरक्षित असते.

कोणाला जास्त धोका?

म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर बाया, हृदय-किडनी-मधुमेहाचे रुग्ण, दारू प्यायलेली माणसे आणि उन्हात कष्ट करणारे. लघवी वाढवणाऱ्या आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनीही धोका वाढतो, पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एक गट सहसा लक्षात येत नाही : बाहेरगावचे पाहुणे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पुण्याहून मेमध्ये लग्नाला आलेला भाचा धडधाकट असला तरी दुपारच्या वरातीत तोच आधी कोसळू शकतो. हेच सुट्टीवरून परतलेल्या किंवा कामावर नव्याने लागलेल्या मजुराचे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात या आकड्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. पण दमट हवा, सावली नसलेले मैदान आणि तासन्‌तास बसून राहणे एकत्र आले की ३८ सुद्धा पुरतात.

समोर कुणी कोसळले तर?

पहिले काम त्याला सावलीत नेणे, दुसरे १०८ ला फोन लावणे, आणि तिसरे, गाडी येईपर्यंत अंग थंड करणे. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि वारा घालावा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवावा. माणूस शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे काम करत नाही. रुग्णवाहिकेची वाट पाहत कोरडे ठेवण्यात गेलेला वेळ सगळ्यात महाग पडतो.

गावाने काय करायचे?

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला : आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, कामाच्या वेळांत बदल. २०१६ मध्ये नागपूरनेही असा आराखडा हाती घेतला. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे सुरू होतात, हाही अशाच शहाणपणाचा भाग.

महापालिकेकडे यासाठी वेगळी माणसे आणि पैसा असतो. शहरासारखी वर्दळ पण गावाइतकाच कारभाराचा पसारा, अशा नाचणगावसारख्या वस्त्यांत ही कामे ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना आणि दुकानदार यांच्यात वाटली जातात. म्हणून ती कुणाचीच राहत नाहीत. यातली बरीचशी कामे मोठ्या खर्चाची नाहीत : ऑटो आणि एसटी थांब्यावर छप्पर किंवा जाळी, चौकात रोज भरला जाणारा रांजण, दुपारी १२ ते ४ मध्ये कष्टाची कामे नकोत असा ठराव, आणि लग्नाची वरात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढण्याचा आग्रह. रस्ता रुंद करताना जुना कडुनिंब तोडायची वेळ आली तर त्याच्या सावलीत रोज किती माणसे थांबतात हेही मोजायला हवे.

पुढच्या वेळी ४५ चा स्क्रीनशॉट आला तर तो पुढे पाठवताना दोन ओळी जोडता येतील : आज चौकातल्या रांजणात पाणी आहे का, आणि आपल्या गल्लीतल्या कुणाला दुपारी बाहेर पडावे लागणार आहे. आजीचे बँकेचे काम सकाळी दहाला उरकून देणारा शेजारी त्या दिवशी कुठल्याही इशाऱ्यापेक्षा जास्त कामाला येतो.